गॅरेजमधली बिअर आणि थंडीचं गणित

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्या माणसाच्या गॅरेजमध्ये डोकावलं, तर तिथली निम्मी भांडी मुळात बिअरसाठी घडवलेलीच नसतात. सहलीला बर्फ न्यायचा जाड भिंतीचा कूलर इथे धान्य मुरवायला बसलेला असतो. थँक्सगिव्हिंगला अख्खी टर्की तळण्यासाठी घेतलेली गॅसची शेगडी वर्षातले बाकीचे दिवस बिअरचं पातेलं उकळत असते. कोपऱ्यातला डीप फ्रीझर कुणीतरी घर बदलताना स्वस्तात काढून टाकलेला. आणि त्या फ्रीझरमध्ये उभ्या असलेल्या स्टीलच्या सडपातळ टाक्या तर थेट कोकाकोला आणि पेप्सीच्या.

या टाक्यांची कहाणी मजेची आहे. पूर्वी हॉटेलांतल्या सोड्याच्या यंत्राला लागणारं सिरप ५ गॅलनच्या, म्हणजे सुमारे १९ लिटरच्या स्टीलच्या टाक्यांतून यायचं. वरून कार्बन डायऑक्साइडचा दाब दिला की सिरप नळीतून बाहेर. कॉर्नेलियस कंपनीच्या नावावरून या टाक्यांना ‘कॉर्नी केग’ म्हणतात. पुढे सिरप खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून येऊ लागलं, टाक्या ढिगाने भंगारात निघाल्या आणि घरगुती बिअरवाल्यांनी त्या उचलल्या. घरच्या बिअरचा घाणाही साधारण ५ गॅलनचाच असतो, त्यामुळे टाकी जणू मापाने शिवलेली. एकच पंचाईत: कोकच्या टाक्यांचे जोड वेगळे, पेप्सीच्या टाक्यांचे वेगळे, आणि एकाचा दुसऱ्याला बसत नाही. दोन कंपन्यांचं जुनं वैर अजून लोकांच्या गॅरेजात नांदतंय, ते असं.

या उचलाउचलीला कारण होतं. अमेरिकेत १९२० मध्ये दारूबंदी आली आणि १९३३ मध्ये उठली. उठल्यावर घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअरला मात्र मिळाली नाही. लोक करत होतेच, पण चोरूनमारून चालणाऱ्या कामासाठी भांडी कोणता कारखाना घडवणार? अखेर १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली. पुढच्या फेब्रुवारीपासून एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बिअर करविना करता येऊ लागली. फक्त ती विकायची नाही. राज्यांचे कायदे निराळे होतेच. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये राजी झाली. त्याच्या आधीच, २०११ साली, खुद्द व्हाइट हाउसच्या स्वयंपाकघरात ओबामांनी बिअर करवून घेतली होती, तीही तिथल्या बागेतल्या मधमाश्यांचा मध घालून. ब्रिटनने घरच्या बिअरवरची परवान्याची अट १९६३ मध्येच काढली होती.

जुगाडाची ही परंपरा गॅरेजपुरती राहिली नाही. अमेरिकी नौदलातून आलेल्या जॅक मॅकऑलिफने १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमात ‘न्यू अल्बियन’ ही ब्रुअरी उभारली. तिच्यात कोकच्या सिरपची ५५ गॅलनची पिंपं होती. ब्रुअरी १९८२ मध्ये बंद पडली. त्याच सुमाराला चिको गावात घरगुती बिअरच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमनने डेअरीची जुनी भांडी जमवून, स्वतः वेल्डिंग करून ‘सिएरा नेवाडा’ सुरू केली. ती आज अमेरिकेतल्या मोठ्या ब्रुअऱ्यांपैकी आहे.

भांडी कुठूनही आणा, करायचं काम एकच. एका द्रवाला चार तापमानांतून न्यायचं: आधी ६७ अंश, मग उकळी, मग २० अंश आणि शेवटी ४ अंश सेल्सियस. प्रत्येक टप्प्याला एक भांडं लागतं, आणि त्यांच्या मधल्या नळ्या नि तोट्या. नवखा माणूस बहुतेक सगळे पैसे पहिल्या दोन टप्प्यांवर घालवतो, कारण चकाकणारी पातेली, पंप आणि ज्वाळा तिथे असतात. बिअरची चव मात्र जास्त करून पुढच्या दोन टप्प्यांत बनते किंवा बिघडते. हे एवढं कळलं तर अर्धा खर्च वाचतो.

बिअरचं धान्य म्हणजे बार्ली, आपला सातू. तो भिजवून, मोड आणून, गरम हवेत वाळवला की त्याचं माल्ट होतं. नाचणीला मोड आणून बाळासाठी सत्त्व करणाऱ्या घरांना ही क्रिया नवी नाही. मोड येताना दाण्यातली अमायलेज ही विकरं कामाला लागतात आणि स्टार्च तोडू लागतात. मोडाच्या नाचणीची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ राहते ती यामुळेच. बिअरमध्ये हेच काम मुद्दाम, तासभर, नेमक्या तापमानाला करून घ्यायचं असतं. बीटा अमायलेजला साठ ते पासष्ट अंश मानवतात. ते स्टार्चचं माल्टोज करतं, माल्टोज यीस्ट चट्टामट्टा करतं आणि बिअर हलकी, कोरडी होते. अल्फा अमायलेजला सत्तरीच्या आसपास बरं वाटतं. ते मोठाले तुकडे मागे सोडतं, ते यीस्टला पचत नाहीत आणि बिअरला अंग येतं. ६७ अंश हा दोघांमधला समझोता.

हिशेब घालून बघा. १९ लिटर, साधारण ५ टक्क्यांची बिअर करायची तर साडेचार किलो माल्ट लागतं आणि किलोला ३ लिटर या मापाने साडेतेरा लिटर पाण्याचं आधण. धान्य खोलीच्या तापमानाचं असल्यामुळे आधण ७३-७४ अंशांवर घ्यायचं. धान्य पडलं की मिश्रण आपोआप ६७ वर येतं. पुढे तासभर फक्त ते निवू द्यायचं नाही. खाली जाळ लावला तर तळाशी करपतं आणि विकरं मरतात. म्हणून इथे शेगडीपेक्षा सहलीचा कूलर सरस: ४० लिटरच्या आसपासचा, गोल, झाकण घट्ट. तासात एखाददुसराच अंश उतरतो.

कूलरची प्लॅस्टिकची तोटी काढून तिथे बॉल व्हॉल्व्ह बसवायचा. आतून चोथा अडवायला जाळी लागते, आणि तिचा सर्वांत स्वस्त उपाय नळकामाच्या दुकानात मिळतो. बेसिनला जोडायची स्टीलची विणलेली नळी घ्यायची, दोन्ही टोकं कापायची, आतली रबरी नळी ओढून काढायची. उरते ती स्टीलची पोकळ वेणी. तिचं एक टोक दुमडून बंद करायचं, दुसरं व्हॉल्व्हला जोडायचं. खरी गाळणी मात्र ही वेणी नव्हे, धान्याची टरफलं. म्हणून माल्ट दळायचं नसतं, भरडायचं असतं, रुळांमध्ये सुमारे एक मिलिमीटर फट ठेवून. दाणा फुटला पाहिजे आणि टरफल अख्खं राहिलं पाहिजे. पीठ झालं की चिकटा होऊन तोटी तुंबते. सुरुवातीचा गढूळ रस परत वरून ओतायचा. हळूहळू चोथ्याचा थर बसतो आणि रस नितळ येऊ लागतो. मग ७५-७६ अंशांच्या पाण्याने चोथा धुऊन उरलीसुरली साखर काढायची. त्याहून गरम पाणी घातलं तर टरफलांतला तुरटपणा उतरतो. किलोभर धान्य लिटरभर पाणी पिऊन बसतं, तेवढं पाणी आधीच वाढवून घ्यायचं.

हे सगळं टाळायचा एक मार्ग ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी रूढ केला. एका मोठ्या पातेल्यात बारीक जाळीची पिशवी लावायची, धान्य तिच्यातच मुरवायचं, तासाभराने पिशवी उचलून निथळायची आणि त्याच पातेल्याखाली जाळ लावायचा. एक भांडं, एक पिशवी, आणि पातेल्याभोवती गुंडाळायला जुनं ब्लँकेट. मला विचाराल तर सुरुवात इथूनच करावी. तीन मजली स्टँडवर तीन पातेली चढवायची हौस नंतरही भागवता येते, आणि पुष्कळांना तोवर तिची गरज वाटेनाशी होते.

धान्याच्या या गोड रसाला वर्ट म्हणतात. उकळीला बसताना तो पंचवीसेक लिटर भरतो आणि तासाभरात त्यातला तीन-चार लिटर उडून जातो. पातेलं मात्र ३८ लिटरचं घ्यावं, कारण पहिल्या उकळीला वर्टला दुधासारखा फेस येतो आणि नजर हटली की तो उतू जातो. उतू गेलेला वर्ट शेगडीवर पाकासारखा जळून बसतो. हॉप्स या वेलीच्या फुलांतली आम्लं तासभर उकळल्यावरच कडू रूपात बदलून बिअरमध्ये उतरतात; वासासाठीचे हॉप्स शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकायचे. झाकण ठेवायचं नाही. फिक्या माल्टमधून डायमिथाइल सल्फाइड निघतं, त्याला उकडलेल्या मक्याचा वास असतो आणि तो वाफेबरोबर जायला हवा.

स्टील चालतं, ॲल्युमिनियमही चालतं. जस्ताचा मुलामा दिलेलं पिंप चालत नाही, वर्ट आम्लधर्मी असल्यामुळे जस्त त्यात उतरतं. ब्रुअरीचं साडेपंधरा गॅलनचं पिंप वरून कापून केलेलं पातेलं हा हौशी मंडळींचा लाडका प्रकार. पण दुकानात अनामत भरून आणलेलं पिंप आपलं होत नाही, ते ब्रुअरीचंच असतं. मोडीत काढलेलं, रीतसर विकत मिळणारं पिंपच घ्यावं आणि कापायच्या आधी आतला दाब सोडावा. प्रोपेनची मोठी शेगडी उघड्यावर लावायची. हिवाळ्यात गॅरेजचं दार ओढून घ्यायचा मोह होतो, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो. विजेवर करायचं तर अमेरिकेतल्या साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटमधून दीड किलोवॅटच्या वर फारसं मिळत नाही. ३० लिटर पाणी आधणाला यायला दोन तास सहज लागतात. २४० व्होल्टची जोडणी घ्यायची तर गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर हवाच. ओलं काम आणि वीज एकत्र आहेत, इथे इलेक्ट्रिशियनचे पैसे वाचवू नयेत.

आता थंडीकडे. उकळता वर्ट २० अंशांवर आणायचा, आणि लवकर. मधल्या कोमट तापमानात हवेतले जंतू यीस्टच्या आधी पंगतीला बसतात. यासाठी तांब्याच्या नळीचं वेटोळं वापरतात: पाव ते अर्धा इंच व्यासाची २५ किंवा ५० फूट नळी एखाद्या डब्याभोवती गुंडाळून केलेलं. उकळी संपायच्या पंधरा मिनिटं आधी ते पातेल्यात बुडवायचं म्हणजे उकळीनेच निर्जंतुक होतं. मग त्यातून नळाचं पाणी सोडायचं आणि वर्ट हलवत राहायचं. नुसतं ठेवलं तर नळीभोवती गार थर धरतो आणि काम रेंगाळतं. आमच्या कोलोरॅडोत हिवाळ्यात नळाचं पाणी इतकं गार असतं की वीस मिनिटांत काम होतं. टेक्सासच्या उन्हाळ्यात तेच पाणी पंचवीस-तीस अंशांचं येतं, आणि नळाच्या पाण्याहून गार काहीच होऊ शकत नाही. तिथे शेवटच्या टप्प्याला बर्फाचं पाणी छोट्या पंपाने फिरवावं लागतं.

आंबवण्यासाठी झाकणाची बादली पुरते. झाकणाला भोक, भोकात पाण्याचा एअरलॉक: आतला वायू बुडबुडत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. यीस्टचं साडेअकरा ग्रॅमचं सुकं पाकीट १९ लिटरला पुरतं. मात्र यीस्ट साखर खाताना उष्णता सोडतं आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत बादली खोलीपेक्षा तीन ते पाच अंशांनी तापते. खोली २२ अंशांवर आहे म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि आत २६-२७ झालेले असतात. एल जातीच्या बिअरला १८ ते २२ अंश हवेत, लागरला ८ ते १३. त्यावर गेलं की यीस्ट जड अल्कोहोल करू लागतं. बिअर घशाला चटका देते, तिला स्पिरिटसारखा वास येतो, नाहीतर नको तिथे केळ्याचा. ही चूक नंतर कशानेच निस्तरत नाही. माल्ट थोडं जाडंभरडं पडलं, हॉप्स दहा ग्रॅम जास्त झाले, तरी बिअर पिण्यासारखी होते.

हे कारखानदारांना फार पूर्वीपासून माहीत होतं. १५५३ मध्ये बव्हेरियात २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायलाच बंदी घातली गेली, कारण उन्हाळ्यातली बिअर नासायची. पुढे तळघरांत नदीचा बर्फ साठवून काम चालायचं. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेने शीतकरणाचं यंत्र विकसित केलं, त्यात म्युनिकच्या स्पाटेन ब्रुअरीने पुढाकार घेतला होता. आज आपल्या घरात फ्रिज घुमतो त्याच्या पूर्वजांत बिअरवाल्यांचा असा वाटा आहे. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं आणि नासकेपणाचं दुसरं कारणही हाती आलं.

गॅरेजमध्ये हे सगळं एका जुन्या फ्रिजमध्ये मावतं. दोन सॉकेटांचा तापमान-नियंत्रक घ्यायचा. एका सॉकेटात फ्रिज, दुसऱ्यात छोटा हीटर. संवेदक हवेत लोंबकळत ठेवायचा नाही. तो बादलीच्या अंगाला टेकवून वरून फोमचा तुकडा चिकटवायचा, म्हणजे तो फ्रिजचं नव्हे, बिअरचं तापमान सांगतो. कॉम्प्रेसर लागोपाठ चालू-बंद होऊ नये म्हणून मध्ये काही मिनिटांचा विराम लावायचा. एवढं केलं की घरच्या बिअरचा दर्जा एकदम वर चढतो, आणि खर्च चकचकीत पातेल्याच्या निम्माही येत नाही. फ्रिज नसेल तर बादली पाण्याच्या टबात ठेवून तिला ओला सुती शर्ट घालायचा आणि पंखा सोडायचा. कोरड्या हवेत चार-पाच अंश उतरतात. दमट हवेत पाणी उडत नाही, त्यामुळे गारवाही नाही. तिथे टबात बर्फाच्या बाटल्या फिरवाव्यात.

नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेलं क्वाइक नावाचं यीस्ट या गणिताला अपवाद आहे. त्यातले काही वाण ३५ ते ४० अंशांवरही स्वच्छ चवीची बिअर करतात, तीही तीन-चार दिवसांत. उष्ण गावांतल्या लोकांनी ते आनंदाने उचललं.

सफाईबद्दल थोडक्यात: घासणं आणि निर्जंतुक करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पहिलीनंतरच होते. उकळीनंतर जे जे वर्टला लागेल ते सगळं निर्जंतुक हवं. फॉस्फोरिक आम्लाचं स्टार सॅन नावाचं द्रावण इथे सगळ्यांकडे असतं, ते धुवावं लागत नाही. बॉल व्हॉल्व्ह मात्र उघडून साफ करावा लागतो. आत वाळलेला वर्ट बाहेरून दिसत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असेल तर बिअरला दवाखान्याचा वास येतो. सुमारे ७५ लिटर पाण्याला कॅम्पडेनची एक गोळी, की काम झालं.

बिअर तयार झाली हे बुडबुड्यांवरून नव्हे, हायड्रोमीटरवरून ठरवायचं. सुरुवातीची घनता १.०५० आणि शेवटची १.०१२ असेल, तर फरकाला १३१ ने गुणायचं: जवळपास ५ टक्के अल्कोहोल. आकडा दोन-तीन दिवस हलला नाही तरच बाटल्या भरायच्या. बाटलीत फसफस येण्यासाठी लिटरला पाच-सहा ग्रॅम साखर घालतात. आधीचं आंबणं अपुरं राहिलं असेल तर हीच साखर बाटली फोडते. काचेचे तुकडे भिंतीत रुतलेले लोकांनी पाहिले आहेत.

कॉर्नी टाकी वापरली की हा जुगार टळतो. बिअर ४ अंशांवर आणायची, सिलिंडरमधून १२ पीएसआयच्या आसपास दाब लावायचा आणि आठवडाभर ठेवून द्यायचं. टाक्यांसाठी डीप फ्रीझर बदलून घेतात तेव्हा एक युक्ती महत्त्वाची. नळ बसवायला फ्रीझरच्या भिंतीत भोक पाडायचं नाही, कारण शीतकाच्या नळ्या त्या भिंतींतून जातात. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये लाकडाची चौकट बसवायची आणि नळ त्या चौकटीतून काढायचे. फ्रीझर शाबूत राहतो, उंची वाढते आणि टाक्या नीट मावतात.

महाराष्ट्रात हे सगळं वाचण्यापुरतंच ठेवावं लागतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवणं तिथे गुन्हा आहे, आणि त्या हेतूने साधनं जवळ बाळगणं हाही. पण ही रचना मोठ्या मापात पाहायला पुण्यात फार लांब जावं लागत नाही. २००९ मध्ये दूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून शहरात मायक्रोब्रुअऱ्या वाढत गेल्या आहेत. तिथे काचेपलीकडे धान्य मुरवायची भांडी आणि शंकूच्या बुडाच्या टाक्या दिसतात. त्या टाक्यांना दुहेरी भिंत असते, तिच्यातून ग्लायकॉल मिसळलेलं गार पाणी फिरतं, आणि प्रत्येक टाकीच्या अंगावर तापमानाचा छोटा आकडा लुकलुकत असतो. कुठल्या टाकीवर १८ आहे आणि कुठल्या टाकीवर १० हे पाहिलं, तर आत एल आंबतेय की लागर, हे वेटरला न विचारता बहुतेक वेळा सांगता येतं.